समुद्रावर मैलाचे दगड नसतात

काही दिवसांपूर्वी मुलुंडमधील एका शाळेच्या विज्ञान मंडळात बोलण्याचा योग आला. बोलणे संपल्यावर प्रश्नोत्तरे सुरू झाली, तेव्हा नववीतील एक मुलगी उभी राहिली. ती सुट्टीत आईवडिलांबरोबर मुंबईहून गोव्याला मोठ्या प्रवासी बोटीने, म्हणजे हल्ली ज्याला 'क्रूझ' म्हणतात तिने, जाऊन आली होती. ती म्हणाली, "सर, बोटीवरच्या पडद्यावर 'वेग 17 नॉट' असे दिसत होते. पण समुद्रावर मैलाचे दगड नसतात, स्टेशने नसतात. मग आपण किती वेगाने चाललो आहोत हे बोटीला कळते कसे?"

मागच्या बाकावरून दोघेतिघे हसले. एकाने बसल्या जागेवरून उत्तर दिले, "जीपीएस!" सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मुलगी खाली बसली आणि प्रश्न तिथेच मिटला.

उत्तर चुकीचे नव्हते. तरीही मला ते खटकले, आणि का खटकले तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. 'जीपीएस' हे एका यंत्रणेचे नाव आहे. यंत्रणेचे नाव घेतले की प्रश्न सुटला असे आपल्याला वाटू लागते. त्या मुलीच्या प्रश्नात मात्र दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला होता. बोटीचा वेग मोजायचा तो कशाच्या तुलनेत? पाण्याच्या, की पाण्याखालच्या जमिनीच्या? हा प्रश्न न विचारता सांगितलेला वेग अर्धवट असतो, असे माझे मत आहे. शाळेत आपण वेगाची गणिते वर्षानुवर्षे सोडवतो, पण हा प्रश्न क्वचितच विचारतो.

आधी 'नॉट' म्हणजे काय ते पाहू. नॉट म्हणजे इंग्रजीत गाठ. वेगाच्या एककाला गाठ असे नाव पडले, त्याला कारण एक खरीखुरी दोरी आहे.

शिडांच्या जहाजांच्या काळात खलाशी एक लाकडी फळी घेत. तिचा आकार वर्तुळाच्या चतुर्थांशासारखा असे आणि ती पाण्यात उभी राहावी म्हणून तिच्या गोल कडेला शिसे बसवलेले असे. फळीला लांबलचक दोरी बांधलेली आणि दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. फळी जहाजाच्या मागच्या टोकावरून पाण्यात सोडली की ती पाण्याला अडून जवळजवळ जागच्या जागी राही. जहाज पुढे जाई आणि रिळावरची दोरी भराभर सुटू लागे. एक खलाशी हातात वाळूचे घड्याळ धरून उभा असे. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकल्या, तितके 'नॉट' जहाजाचा वेग! या पद्धतीचे वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने 1574 साली छापले. फळीला 'लॉग' म्हणजे ओंडका म्हणत. मोजलेला वेग ज्या वहीत लिहीत ती 'लॉगबुक'. आज संगणकात 'लॉग इन' करताना आपण त्या ओंडक्याचेच नाव घेतो, हे किती जणांना ठाऊक असते?

आता गाठींमधील अंतर किती ठेवायचे? यातले गणित तुम्हीच करा. पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर. त्याचे 360 अंश आणि प्रत्येक अंशाच्या 60 कला, म्हणजे एकूण 21,600 कला. भागाकार केला की एका कलेला सुमारे 1.852 किलोमीटर येतात. हाच सागरी मैल. 1929 साली मोनाको येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो नेमका 1,852 मीटर ठरवला. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. म्हणून 'ताशी 17 नॉट' असे लिहिणे चूक आहे. नॉटमध्ये 'तासाला' हे आलेच. वर्तमानपत्रांत ही चूक पुष्कळदा दिसते, तेवढी लक्षात ठेवा.

एक नॉट म्हणजे सेकंदाला 0.514 मीटर. वाळूचे घड्याळ 28 सेकंदांचे असेल, तर तेवढ्या वेळात जहाज 14.4 मीटर पुढे जाईल. म्हणून गाठी 14.4 मीटरवर. जुन्या मापात हेच 47 फूट 3 इंच होते. पाहा, एका साध्या दोरीत पृथ्वीचा परीघ, तास आणि सेकंद असे तिन्ही गुंफलेले आहेत.

सागरी मैलाचा फायदा नकाशावर कळतो. तुमचा भूगोलाचा नकाशासंग्रह उघडा. दक्षिण मुंबईचा अक्षांश साधारण 18 अंश 55 कला, पणजीचा साधारण 15 अंश 30 कला. फरक 3 अंश 25 कला, म्हणजे 205 कला. म्हणजेच दक्षिणेकडे 205 सागरी मैल! किलोमीटरची पट्टी लावावीच लागली नाही. पणजी थोडी पूर्वेलाही असल्याने प्रत्यक्ष वाट याहून काहीशी लांब पडते, पण अंदाज लगेच येतो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटणारी कोकणची जुनी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागत असे. ती वाटेत बंदरे घेत जाई. तिचा सरासरी वेग 9-10 नॉट असणार, हे आता तुम्ही घरबसल्या सांगू शकता. 17 नॉटच्या बोटीला न थांबता साधारण 12 तास पुरतील.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ती फळी पाण्यात 'जवळजवळ जागच्या जागी' राहते असे मी म्हटले. पण पाणीच वाहत असेल तर? पाण्याबरोबर फळीही वाहणार. म्हणजे दोरी सांगते तो वेग पाण्याच्या सापेक्ष असतो. समुद्राच्या तळाच्या, अर्थात जमिनीच्या सापेक्ष नव्हे.

हे समजायला गोव्याला जायची गरज नाही. घाटकोपर स्थानकात सरकत्या जिन्यावर तुम्ही अनेकदा चढला असाल. जिन्यावर नुसते उभे राहा. पाय हलत नाहीत, तरी तुम्ही वर जाता. जिन्याच्या सापेक्ष तुमचा वेग शून्य, स्थानकाच्या सापेक्ष शून्य नाही. उलट, खाली येणाऱ्या जिन्यावर कोणी तेवढ्याच वेगाने वर चढू लागला (तुम्ही हे करून पाहू नका!), तर तो घामाघूम होईल आणि एक वीतही वर सरकणार नाही. जिना म्हणजे समुद्राचा प्रवाह, आणि चढणारा म्हणजे बोट.

लोकलमधील अनुभव तर रोजचाच. अंधेरीहून बोरिवलीकडे जाताना जलद आणि धीमी गाडी काही क्षण बरोबरीने धावतात. समोरच्या गाडीतील माणसाच्या हातातील वर्तमानपत्राचे मथळेही वाचता येतात. त्या क्षणी दोन्ही गाड्या एकमेकींच्या सापेक्ष स्थिर असतात. खिडकीतून फक्त समोरची गाडीच दिसत असेल, तर आपण धावतो आहोत की उभे आहोत हे नुसत्या डोळ्यांनी सांगता यायचे नाही. बोटीवरून चोहीकडे फक्त पाणीच दिसते, तेव्हा नावाड्याची स्थिती नेमकी अशीच असते.

आपली उपनगरे तर दोन पाण्यांच्या मध्ये वसलेली आहेत. घाटकोपर आणि मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, अंधेरी आणि बोरिवलीच्या पश्चिमेला मालाडची, मनोरीची खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते आणि उतरते. एवढे पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करते, तेव्हा तिथे जोराचा प्रवाह असणारच. वर्सोव्याच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहा आणि मढकडे जाणाऱ्या होडीची नाळ कुठे रोखली आहे ते पाहा. प्रवाह जोराचा असेल तर तांडेल नाळ समोरच्या धक्क्यावर सरळ रोखत नाही. प्रवाहाच्या उलट दिशेला थोडी तिरपी धरतो. होडी तिरपी दिसते, पण सरळ पलीकडे जाते. पाण्याशी मोजलेला वेग आणि जमिनीशी मोजलेला वेग वेगळे असतात, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक असते.

तुम्ही म्हणाल, हे जुने झाले. आता उपग्रह आहेत, दोरीची गरज काय? जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. त्यांवरून बोटीवरील यंत्र आपली जागा आणि वेग काढते. हा वेग जमिनीशी मोजलेला असतो आणि तो उत्तम मिळतो. गोव्याला किती वाजता पोहोचू, या प्रश्नाला तोच हवा. पण बोटीवर दुसरेही प्रश्न असतात.

बोट वळते ती सुकाणूमुळे. सुकाणूवरून पाणी वाहत गेले तरच ते बोटीला वळवू शकते. समजा, बोटीचे यंत्र बंद आहे आणि 3 नॉटचा प्रवाह तिला वाहून नेतो आहे. जीपीएस सांगेल, 'वेग 3 नॉट'. पण पाण्याच्या सापेक्ष बोट स्थिर आहे. सुकाणूवरून पाणी वाहतच नाही. चक्र कितीही फिरवा, बोट वळणार नाही. पडद्यावर वेग दिसतो आहे आणि बोट मात्र हाताबाहेर! आता उलट बाजू. याच बोटीवर फक्त जुनी दोरी असती, तर तिने सांगितले असते, 'वेग शून्य'. कप्तान निर्धास्त राहिला असता आणि प्रवाहाने बोट खडकाकडे नेली असती. दोन्ही उपकरणे खरे बोलत होती. पण प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होता.

म्हणूनच उपग्रहांच्या या काळातही 300 टनांहून अधिक 'सकल टनेज' असलेल्या जहाजांवर पाण्याशी मोजलेला वेग दाखवणारे उपकरण असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फळी गेली, पण 'लॉग' हे नाव राहिले. त्यातील एक प्रकार तुमच्या पाठ्यपुस्तकातीलच आहे. मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला की त्यात विद्युत विभवांतर निर्माण होते. समुद्राचे खारे पाणी विजेचे वाहक आहे. जहाजाच्या तळाशी चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारा एक संवेदक बसवतात. त्याच्याजवळून पाणी जितक्या वेगाने वाहील तितके विभवांतर अधिक, आणि त्यावरून वेग कळतो. हा विद्युतचुंबकीय लॉग. गंमत म्हणजे स्वतः फॅरडेने 1832 साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तारा सोडल्या होत्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या नदीत विभवांतर सापडते का, हे त्याला पाहायचे होते. त्या वेळच्या उपकरणांनी त्याला नीट यश आले नाही. पण कल्पना बरोबर होती.

दुसरा प्रकार डॉप्लर लॉग. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी अधिक चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की सूर उतरतो. फलाटावर हा अनुभव तुम्ही घेतला असेल. ख्रिस्तियान डॉप्लर याने 1842 साली याचे तत्त्व मांडले. जहाजाच्या तळातून पाण्यात तिरका ध्वनी सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचा सूर किती बदलला ते मोजतात. पाणी उथळ असेल तर प्रतिध्वनी समुद्रतळावरून येतो आणि वेग जमिनीशी मोजला जातो. पाणी खोल असेल तर तो पाण्याच्याच थरांतून येतो आणि वेग पाण्याशी मोजला जातो. एकच यंत्र, पण प्रश्न बदलला की उत्तर बदलते! यंत्र वापरणाऱ्याने 'कशाच्या सापेक्ष?' हे विचारले नाही, तर पडद्यावरील आकडा त्याला फसवू शकतो.

असे फसणे किती महाग पडते याचा एक दाखला देतो. 8 सप्टेंबर 1923 च्या रात्री अमेरिकेच्या नौदलाच्या 14 विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोकडे 20 नॉट वेगाने चालल्या होत्या. आपण किती अंतर आलो हे पुढची विनाशिका मुख्यतः पंख्याच्या फेऱ्यांवरून काढीत होती. पंख्याच्या फेऱ्या म्हणजे पाण्याशी मोजलेला वेग, तोही अदमासे. समुद्र खवळलेला होता आणि प्रवाह नेहमीसारखे नव्हते. किनाऱ्यावरील रेडिओ केंद्र कळवत होते की तुम्ही समजता त्याहून मागे आहात. अधिकाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. समोर मोकळी सामुद्रधुनी आहे असे समजून त्यांनी धुक्यात पूर्वेकडे वळण घेतले. तिथे कॅलिफोर्नियाचे होंडा पॉइंटचे खडक होते. सात विनाशिका फुटल्या आणि 23 खलाशी मृत्युमुखी पडले. वेगात एका नॉटची चूक झाली, तर 12 तासांत ती 12 सागरी मैलांची, म्हणजे 22 किलोमीटरांची होते. चर्चगेटपासून अंधेरी रुळांवरून जवळपास तेवढीच आहे!

मग चांगला नावाडी काय करतो? तो दोन्ही वेग पाहतो आणि त्यांतील फरकावरून प्रवाह ओळखतो. जुन्या लोकांनी तर यावर एक सुंदर युक्ती काढली होती. किनाऱ्यावर दोन खुणांमध्ये मोजलेला एक मैल ठेवायचा आणि बोट त्यावरून एकदा जाताना, एकदा येताना पळवायची. समजा, बोटीचा पाण्याशी वेग 8 नॉट आणि प्रवाह 2 नॉटचा. जाताना प्रवाह पाठीशी, म्हणून वेग 10 नॉट. मैलाला 6 मिनिटे. येताना प्रवाह समोरून, म्हणून वेग 6 नॉट. मैलाला 10 मिनिटे. आता बोटीचा खरा वेग काढा. घाई करणारा विद्यार्थी म्हणेल, 2 मैल 16 मिनिटांत, म्हणजे 7.5 नॉट. चूक! प्रवाहाविरुद्ध बोट अधिक वेळ झगडत होती, म्हणून त्या फेरीचे वजन हिशेबात वाढले. दोन वेगांची सरासरी घ्या. 10 आणि 6 यांची सरासरी 8. सूत्र तेच, आकडे तेच, पण काय विचारले आहे ते ओळखले नाही तर उत्तर चुकते.

शिक्षकांना माझी विनंती याच जागी आहे. 'वेग बरोबर अंतर भागिले काळ' हे सूत्र आपण मुलांकडून घोकून घेतो. फलाट ओलांडणाऱ्या आगगाड्यांची डझनभर उदाहरणे सोडवून घेतो. पण स्वतःच्या हातांनी एकदाही वेग न मोजता मुले शाळेबाहेर पडतात. वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, ही अडचण मला ठाऊक आहे. परंतु पुढील प्रयोगाला एक तासिका आणि थोडी सुतळी एवढेच लागते.

साठ मीटर सुतळी घ्या. एका टोकापासून दर 14.4 मीटरवर गाठ मारा, म्हणजे चार गाठी होतील. वाळूच्या घड्याळाऐवजी लंबक करा. दोऱ्याला दगड बांधा आणि टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवा. त्याच्या एका पूर्ण आंदोलनाला जवळजवळ 2 सेकंद लागतात, म्हणून 14 आंदोलने म्हणजे 28 सेकंद. आता एका विद्यार्थ्याने 'फळी' व्हायचे. त्याने सुतळीचे टोक धरून मैदानात उभे राहायचे. दुसऱ्याने 'बोट' व्हायचे. त्याने सुतळीचा गुंडाळा सोडत चालायचे. चौदा आंदोलने होईपर्यंत किती गाठी सुटल्या? नेहमीच्या चालीने अडीच-पावणेतीन येतील. म्हणजे माणूस साधारण अडीच-पावणेतीन नॉट वेगाने चालतो.

मग प्रयोगाचा दुसरा भाग करा. खरे शिक्षण त्यातच आहे. या वेळी 'फळी'नेही त्याच दिशेने सावकाश चालायचे. तोच 'पाण्याचा प्रवाह'. 'बोट' पूर्वीइतक्याच झपाट्याने चालली, तरी गाठी कमी सुटतील. मैदानावरील खुणांवरून मोजलेला वेग आणि सुतळीने दाखवलेला वेग आता वेगळे आले. दोन्ही फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, यातला खरा कोणता? वर्गात वाद होऊ द्या. दोन्ही खरे, फक्त 'कशाच्या सापेक्ष' ते सांगा, या उत्तरापर्यंत मुलांना स्वतः पोहोचू द्या. एकदा स्वतः पोहोचलेला मुलगा ते जन्मभर विसरत नाही. माझी तर सूचना आहे की परीक्षेत वेगाच्या उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर जसे गुण कापतात, तसेच गरज असेल तिथे 'कशाच्या सापेक्ष' हे लिहिले नाही तरी कापावेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी एखाद्या मोठ्या प्रश्नाला यंत्राचे नाव हेच उत्तर म्हणून दिले, तर लगेच खाली बसू नका. ते यंत्र काय मोजते आणि कशाच्या तुलनेत मोजते, हे विचारा. त्या दिवशी मी त्या मुलीला पुन्हा उभे केले आणि तिच्या प्रश्नावर उरलेला अर्धा तास घालवला. घंटा झाली, तेव्हा मागच्या बाकावरून 'जीपीएस' म्हणणारा मुलगाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मग लोकलचा वेग कशाच्या सापेक्ष? रुळांच्या? पण पृथ्वी तर स्वतःभोवती फिरते आहे ना?"

याचे उत्तर मी त्याला दिले नाही. तुम्हालाही देत नाही. सुतळी, दगड आणि नकाशासंग्रह घेऊन कामाला लागा!